धुक्यातले दुरुस्त

धुकं पडलं की पुलावर जायचं नाही, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. गेलेला माणूस परत येतो, पण त्याच्यासारखा आणखी एक येतो. त्याला आम्ही दुरुस्त म्हणतो. चेहरा तोच, आवाज तोच, लहानपणीच्या खोड्यासुद्धा त्याला आठवतात. फक्त अंगात जे उणं असेल ते भरून आलेलं असतं, आणि थंडीत बोलताना त्याच्या तोंडातून वाफ निघत नाही. कधी तो आधी पोहोचतो, कधी खरा. एका घरात दोघं राहत नाहीत. मागून आलेल्याला दार उघडलं, तर आधीचा उठून जातो. नाही उघडलं, तर बाहेरचा धुक्याबरोबर जातो. कुठे, ते कुणी विचारत नाही.

पाववाल्यांचा धाकटा तोतरा होता. मागच्या हिवाळ्यात तो घडाघडा बोलत घरी आला. मग दुपारभर त्यांच्या शटरवर थापा पडत होत्या आणि "द-द-दादा" ऐकू येत होतं. सगळी गल्ली मूग गिळून गप्प बसली. आता धाकटा गल्ल्यावर बसतो, गोड बोलतो, गिऱ्हाईक वाढलंय म्हणे.

आमच्या घरात तर दुरुस्तीला भरपूर वाव. माझा डावा पाय आखूड, म्हणून त्या बुटाला चार बोटं जाड तळ. धाकट्या भावाची नजर लहानपणी तापात गेली. मी कपडे शिवते, तो वेताच्या खुर्च्या विणतो. माझी चाल ऐकून तो आतूनच ओरडतो, "टकधप आली!" मी म्हणते, तुझ्यामुळे विजेचं बिल तेवढं वाचतं, बाकी उपयोग शून्य. आम्ही दोघं हसतो. आई हसत नाही. त्या तापात डॉक्टरकडे न्यायला उशीर झाला, हे तिने स्वतःला कधी माफ केलं नाही. माझा पाय तर जन्मापासूनच तसा, पण त्याचाही दोष ती स्वतःच्याच माथी मारते.

त्या दिवशी जेवणं झाल्यावर आई म्हणाली, "काळा दोरा संपलाय गं. पुलापलीकडच्या दुकानातून घेऊन येतेस?"

"आई, पूल दिसत नाहीये धुक्यात."

"विरळ आहे. कठड्याला धरून जा. आणि त्या कोटाचं गिऱ्हाईक उद्या येऊन डोकं खाईल तुझं."

भाऊ मागच्या अंगणात वेत भिजत घालत होता. त्याला न सांगताच मी निघाले. परत येताना पुलावर मागे कुणाची तरी पावलं वाजत होती, अगदी एकसारखी. मी वळून पाहिलं नाही. जमेल तेवढ्या घाईने घर गाठलं.

दार उघडताच आईने आधी माझ्या पायांकडे पाहिलं आणि मग चेहऱ्याकडे. मी आत आले तशी तिने कडी लावली. तिने ठेवणीतले कपडे घातले होते, केस नीट विंचरले होते. आणि भावाच्या खोलीत दिवा जळत होता.

त्या खोलीत दिवा कुणासाठी?

तो स्टुलावर बसला होता. पुढ्यात सकाळी विणलेली खुर्ची निम्मी उसवलेली. "किती वाकडं विणलं होतं गं," तो म्हणाला, आणि मान वर करून माझ्या खांद्याकडे बघायला लागला. "ताई, तुझी बाही सुटलीय तिथे." वाकडं अजिबात नव्हतं. माझा भाऊ वाकडं विणत नाही. खोलीत माझ्या श्वासाची वाफ दिसत होती. त्याची नव्हती.

"खरा कुठाय?" मी आईला विचारलं.

"ओरडू नकोस. त्याने मला पाहिलं गं. म्हणाला, आई, तू अशी दिसतेस होय?" तिचे डोळे वाहत होते. "एवढं तरी मिळू दे मला."

मला तिची कीवही आली आणि तिला गदागदा हलवावंसंही वाटलं. तेवढ्यात पायरीवर काठी वाजली.

"आई! कडी का लावलीस?" बाहेरून भावाचा आवाज आला. "ताई आली का? पुलावर किती हाका मारल्या, सापडलीच नाही."

"तो मला शोधायला गेला होता?"

"मी त्याला कुठे पाठवलं?" आई रडत म्हणाली. "तू गेल्याचं कळलं तसा काठी घेऊन निघाला. ऐकेल तर शपथ."

शिलाई मशीनचा खण अर्धवट उघडा होता. आत काळ्या दोऱ्याचं अख्खं रीळ होतं.

"त्याला नाही पाठवलंस," मी म्हणाले. "मला पाठवलंस."

तिने खण आत लोटला. "माझ्यामागे तुमचं कोण आहे? एक तरी धड असावा, दुसऱ्याला सांभाळायला."

"सांभाळतोच आहोत की आम्ही एकमेकांना!"

मी दाराकडे वळले तशी ती खाली बसली आणि तिने माझा जाड तळाचा बूट दोन्ही हातांनी धरला. ओढून सुटेना. मग मी पाय बुटातून काढला आणि भिंतीला धरून, तोल सावरत, कडी काढली.

भाऊ आत आला. त्याच्या तोंडातून वाफेचे लोट निघत होते. दिवा मालवून दुरुस्त उठला, दारात थांबला, आईला एकदा डोळे भरून पाहिलं आणि धुक्यात गेला. आई बूट कवटाळून तशीच बसून राहिली.

भाऊ दार लावणार, इतक्यात गल्लीत पावलं वाजली. टक, टक, टक. एकसारखी. पायरीशी येऊन थांबली.

"आई," माझ्याच आवाजात कुणीतरी म्हणालं, "दोरा आणलाय."

आईने दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही.

"सरळ चालते का रे ती?" तिने भावाला हळूच विचारलं.

त्याने जरा कान दिला. "हो आई. अगदी सरळ."

आणि त्याने कडी लावली, पाठ दाराला टेकून उभा राहिला. बाहेरून कितीतरी वेळ हाका येत होत्या.

"ताई, बूट घाल," तो म्हणाला. "फरशी गार आहे."