डावा सुळा

साहेब म्हणजे सहा महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू आणि त्याची मालकीण नववीतली ठमी. साहेबांचे दुधाचे सुळे पडायचं नावच घेईनात. मग खालचे नवे सुळे बिचारे आतल्या अंगाने उगवले आणि तोंड मिटलं की थेट टाळूत रुतायला लागले.

डॉक्टरीणबाईंनी दुधाचे सुळे काढले, जबडा मोजला आणि बरोबर त्या मापाचा, दोरी लावलेला रबरी चेंडू दिला. "रोज तीनदा, पंधरा-पंधरा मिनिटं चावू दे. चेंडू सुळ्यांना बाहेर ढकलतो. महिन्यात फरक नाही पडला, तर सुळे काढावे लागतील."

काढायचे! ठमीने चेंडू झटकन उचलला.

बाबांचा पाय प्लास्टरमध्ये होता, त्यामुळे ते दिवसभर पलंगावरच. चेंडूचं खातं आपसूक त्यांच्याकडे गेलं. ते चेंडू ओढत, साहेब गुरगुरत, दोघेही खूश.

महिन्याने डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उजवा मस्त सरकलाय. डावा ढिम्म. काढूया."

"दोन आठवडे द्या!" ठमी एवढ्या जोरात म्हणाली की टेबलावरचा साहेबही दचकला.

"दोनच हं."

घरी येऊन ती जमिनीवर मांडी ठोकून बघत बसली. साहेब पलंगाला खेटून उभा, तोंड कायम दाराकडे. न जाणो, आई काही खायला घेऊन आली तर! आणि बाबा चेंडू ओढणार ते आपल्याकडे, म्हणजे त्याच्या उजव्या बाजूला. प्रत्येक वेळी! म्हणजे सगळा जोर उजव्या सुळ्यावरच.

"बाबा, दुसऱ्या बाजूने का नाही ओढत तू?"

"पलंगाच्या दुसऱ्या बाजूला भिंत आहे, बाईसाहेब. भिंतीतून ओढू?"

"आई! पलंग समोरच्या भिंतीला न्यायचाय, धर!"

"आधी मला उतरू तरी द्या गं!" बाबा ओरडले, पण पलंग निघालासुद्धा.

आता साहेब दाराकडे बघत उभा राहिला, की बाबा त्याच्या डावीकडे. ठमीने चौदा दिवस घड्याळ लावून पहारा दिला.

डॉक्टरीणबाईंनी साहेबांचा ओठ वर केला. तोंड मिटून बघितलं, उघडून बघितलं, पुन्हा मिटलं.

"दोन्ही बाहेर! टाळूला स्पर्शसुद्धा नाही. काय केलंस गं?"

"पलंग हलवला."

डॉक्टरीणबाईंचं पेन केसपेपरवर तसंच थांबलं. "मग उपचार म्हणून काय लिहू मी?"

"लिहा ना," ठमी म्हणाली, "पलंग सरकवला, बाबांसकट."