राईच्या देवाला खाणीचं पाणी

रानजायफळाचं ते झाड माझ्या घरावर कललंय, आणि देवाने हो म्हटल्याशिवाय मला ते तोडता येत नाही. डिचोलीतल्या आमच्या गावात देवाच्या राईतली काटकीसुद्धा विचारल्याशिवाय कुणी उचलत नाही. पलीकडे खाण खणताना मात्र कुणी देवाला विचारलं नाही.

गोवा राज्य झालं त्या सुमारास खाण खोल गेली आणि राईतली झर आटली. बारमाही चिखलातून गुडघ्यासारखी वर आलेली मुळं उघडी पडून तडकली, बेडूक गप्प झाले, मोकळ्या जागेत रानमोडीचं तण माजलं. जळवासुद्धा गेल्या. जळवांसाठी जीव हळहळेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

रोज दुपारी खाणीत सुरुंग उडतो आणि झाड आणखी खाली येतं. त्याच्याखाली माझी सासू पद्मावती, अंथरुणाला खिळलेली. दुसरीकडे जाऊ म्हटलं की म्हणते, "हांव खंयच वचना. देव आसा न्हय गे!"

गुरव कृष्णनाथांना बोलावलं. देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना फुलांचे ओले कळे लावायचे. उजवा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. पण देवाचं न्हाण झरीच्याच पाण्याचं; ती आटल्यापासून पाषाण इतका कोरडा, की दोन्ही कळे लावताक्षणी गळायचे.

"देव उलयना, विनोदिनी," कृष्णनाथ म्हणाले. "हांवें कितें करूं?"

माझं डोकं फिरलं. देवाचं पाणीच पळवलंय, तो बोलणार कसा? माझा नवरा सिद्धेश खाणीवर ट्रक चालवतो. त्याला म्हटलं, "आमच्या झरीचें उदक खणींत गेलां. थंयसून हाड."

"खणीच्या उदकान देवाक न्हाण? पिशी जालीस?" तो म्हणाला. पण कळशी भरून आणली. तांबडं, गढूळ पाणी. कृष्णनाथांनी ते पाषाणावर ओतलं, आणि कळे घट्ट चिकटले. त्यांनी गाऱ्हाणं घातलं, जमलेला गाव "व्हय म्हाराजा" म्हणाला.

डावा पडला.

लोक समाधानाने घरी गेले. देव बोलला, हेच त्यांना पुष्कळ. सिद्धेशने कुऱ्हाड माळ्यावर ठेवली. देव गप्प होता तोवर कधीतरी चोरून तरी घाव घातला असता. आता तीही वाट मीच बुजवली होती.

खाणीचा दुपारचा भोंगा झाला. मी सासूच्या कानांवर हात धरले. माझ्या कानांसाठी हात उरले नाहीत. आधी सुरुंग ऐकला, मग छपराच्या कौलांवर फांदी टेकल्याचा आवाज.