किल्ल्या आमच्याकडे, पिशव्या त्यांच्याकडच्या

आमच्या दुकानात सगळ्यात जास्त खप कशाचा, असं कुणी विचारलं तर मी सांगेन, किल्ल्यांचा. फुकट ठेवायच्या, फुकट न्यायच्या. काउंटरमागच्या भिंतीवर एक लाकडी फळी आहे, तिला खिळे ठोकलेत आणि प्रत्येक खिळ्यावर गल्लीतल्या एकेका घराची किल्ली लटकते. दुकान काढलं त्याच वर्षी आमच्या ह्यांनी ती फळी लावली. म्हणाले, "माणूस किल्ली ठेवायला येईल, किल्ली न्यायला येईल, आणि येईल तेव्हा काहीतरी घेऊन जाईल." कल्पना चांगली होती आणि बरीच वर्षं चाललीही. कामावर जाताना लोक किल्ली टांगायचे, घरी परतताना ती काढून घ्यायचे आणि सोबत साबण, दूध, काडेपेटी असं काहीबाही न्यायचे.

मग चौकात काचेचं दुकान आलं. त्याचं दार आपोआप उघडतं. आत गार हवा, मंद गाणी, आणि सामान घालायला एक नारिंगी पिशवी देतात. ती इतकी भडक की माणूस दिसायच्या आधी पिशवी दिसते.

आता आमच्या गल्लीतली माणसं मनाने फार चांगली. ह्यांना वाईट वाटू नये म्हणून ती पिशवी लपवतात. वकीलसाहेब ती पाठीमागे धरतात, खेकड्यासारखे आडवे चालत दुकानात येतात, एका हाताने किल्ली घेतात आणि तसेच आडवे बाहेर पडतात. हा माणूस म्हणे कोर्टात लोकांची लबाडी उघडी पाडतो. नर्सबाई पिशवी कोपऱ्यावरच्या कट्ट्यामागे ठेवतात, रिकाम्या हातांनी येऊन "काकू, गुडघा कसा आहे?" असं प्रेमाने विचारतात, किल्ली घेतात आणि वळसा घालून पुन्हा कट्ट्याकडे जातात. एकदा तिथून कुत्र्याने त्यांचा पाव पळवला. मला फार वाईट वाटलं. हसून हसून पोट दुखलं. आणि मास्तर, ज्यांनी जन्मभर पोरांना गणित शिकवलं, ते नारिंगी पिशवी एका जुन्या कापडी पिशवीत कोंबतात. कापडी पिशवी लहान, त्यामुळे आतल्या पिशवीचे दोन नारिंगी कान वर राहतात. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं मी ऐकून होते. ही ताकाला दुसरीकडे जातात आणि भांडं आमच्यापासून लपवतात.

हे मात्र सगळ्यांना हसून किल्ल्या देतात.

"कान दिसले का?" मास्तर गेले की मी विचारायची.

"कसले कान?"

"नारिंगी."

"अगं, असेल काहीतरी. लोक आपलेच आहेत. जाऊन जाऊन कुठे जाणार?"

कुठे जाणार ते मला पैशांच्या गल्ल्यात दिसत होतं. त्यात आमचा मुलगा. दूरच्या शहरात असतो, मोठ्या इमारतीत. रविवारी फोन आला की सुरू: "आई, विका ते दुकान आणि या इकडे. तुमच्यासाठी खिडकीपाशी छान खुर्ची ठेवलीय." खुर्ची! दिवसभर ज्या बाईने वजनं उचलली, भांडणं केली, गल्लीतल्या प्रत्येक घरात काय चाललंय ते कळून न कळल्यासारखं केलं, तिने खिडकीत बसायचं. मी काय कुंडी आहे? पण शेवटी हेही म्हणाले की हा हंगाम बघू, नाहीच जमलं तर जाऊ. तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. मला ते दुकान सोडायचं नव्हतं. आणि ज्यांच्यामुळे ते सुटणार होतं, त्यांच्याच किल्ल्या मी रोज पुसत होते.

"ती फळी काढा," मी ह्यांना सांगितलं. "निदान किल्ल्या तरी काचेच्या दुकानात ठेवू देत."

"किल्ली म्हणजे विश्वास असतो गं."

"विश्वासाने वरण शिजत नाही," मी म्हटलं. ते हसले आणि फळीवरची धूळ फुंकली.

मंगळवारी हे डोळे दाखवायला जायचे. अलीकडे दर मंगळवारी. डॉक्टर थेंब घालतात म्हणाले, आणि येताना नाक्यावर घाऊकवाल्याची गाडी थांबते तिथून माल घेऊन येतो म्हणाले. म्हटलं, जाऊ दे, थेंबांनी निदान ते कान तरी दिसू लागतील.

अशाच एका मंगळवारी भरदुपारी मास्तर आले. आज कापडी पिशवीत हात घालून त्यांनी चक्क एक दिवा बाहेर काढला.

"वहिनी, हा जरा बघता का? कालच आणला, लागतच नाही."

"कुठून आणला?"

मास्तर छताकडे बघत म्हणाले, "आणला असाच. तिकडे कुणी काही सांगत नाही हो. सगळे नुसते 'पिशवी हवी का' विचारतात. तुमच्याकडे कसं, आपलेपणा आहे."

मी दिवा घेतला, आमच्या होल्डरमध्ये लावून बघितला, लागला. दिवा चांगला होता, मास्तरांच्या घरचा होल्डर सैल झाला होता. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, "बघा, मी म्हटलं नव्हतं?" आणि पाण्याचा ग्लास मागून, पिऊन, पाय मोकळे करायला निघून गेले. किल्ली खिळ्यावरच ठेवून.

कामापुरता मामा ऐकला होता. आम्ही बिनकामाचेही मामा झालो होतो. माझं डोकं फिरलं. मी पदर खोचला, शटर खाली ओढलं, कुलूप घातलं आणि सरळ चौकात गेले. सगळ्या किल्ल्या आत, गल्ली बाहेर. म्हटलं, एकदा बघू तरी तिथे काय सोनं वाटतात.

दार खरंच आपोआप उघडलं. मी मागे सरले तर मिटलं. पुढे झाले, पुन्हा उघडलं. आत सगळं नीट रांगेत, प्रत्येक डब्याचं तोंड पुढे. कुणी माझ्याकडे बघितलं नाही, कुणी गुडघ्याचं विचारलं नाही. खरं सांगते, बरं वाटलं. माणसाला कधी कधी नुसता साबण हवा असतो, साबणासोबत चौकशी नको असते. हे कबूल करताना मला लोकांचा आणखीच राग आला.

साबणांच्या रांगेत एक माणूस पाठमोरा उभा होता. ढकलगाडी भरलेली. साबण, काडेपेट्या, चहा, मेणबत्त्या, एकेक वस्तू उचलून डोळ्यांजवळ नेऊन बघत होता. तो शर्ट मीच सकाळी इस्त्री केला होता.

"डॉक्टरांनी दवाखाना इथे हलवला वाटतं," मी म्हटलं.

ह्यांच्या हातातला साबण खाली पडला. "अगं, तू? मग दुकान?"

"बंद."

"भरदुपारी? आणि लोकांच्या किल्ल्या?"

बायको चोरी पकडून समोर उभी, आणि ह्यांना काळजी किल्ल्यांची! मी गाडीकडे बोट दाखवलं. मग हळूहळू बाहेर आलं. घाऊकवाल्याने येणं कधीच बंद केलं होतं. एवढ्याशा मालासाठी गाडी वळवणं परवडत नाही म्हणाला. तेव्हापासून हे इथून माल घ्यायचे, कोपऱ्यावर पोत्यात भरायचे आणि आणून फळ्यांवर मांडायचे. घेतलेल्या भावालाच विकायचे.

"हे कशासाठी?"

"कुणी साबण मागितला आणि नाही म्हणावं लागलं तर?"

"मागतंय कोण?"

"मागितला तर."

"म्हणजे ते कान तुम्हाला दिसत होते."

"माझे डोळे चांगले आहेत गं," ते म्हणाले आणि खाली पडलेला साबण उचलायला वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले.

मला असा राग आला की ती गाडी उलटी करावी. आणि त्याच रागात रडू फुटलं. ज्या दुकानाने आपलं दुकान बुडवलं त्याचंच सगळ्यात मोठं गिऱ्हाईक माझा नवरा होता, आणि तेही कशासाठी, तर ज्यांनी पाठ फिरवली त्यांना चुकून गरज लागली तर म्हणून. मी नाक पुसलं आणि म्हटलं, "चला, आता आणलंय तर घ्या." काउंटरवरच्या मुलीने विचारलं, पिशवी हवी का. मी म्हटलं, हवी. मोठी द्या.

परत आलो तर शटरसमोर अख्खी गल्ली उभी. वकीलसाहेब, पाळी संपवून आलेल्या नर्सबाई, पायरीवर मास्तर, आणखी चारपाच जण. प्रत्येकाच्या हातात नारिंगी पिशवी. किल्ल्या आत अडकल्याच्या संतापात लपवायचं सगळ्यांच्या लक्षातूनच गेलं होतं.

"अहो काकू, न सांगता बंद करायचं का असं?" नर्सबाई कडाडल्या. "कधीची ताटकळतेय मी!"

मग त्यांना आमच्या हातातल्या पिशव्या दिसल्या. मग त्यांना स्वतःची दिसली. वकीलसाहेबांनी सवयीने पिशवी पाठीमागे नेली आणि पुन्हा पुढे आणली.

ह्यांनी शटर उघडलं आणि एकेकाच्या हातात किल्ली दिली. नर्सबाई जागच्या हलेनात. "एक साबण द्या, शेठ," त्या हळूच म्हणाल्या. ह्यांनी नारिंगी पिशवीतून साबण काढून दिला. तोच साबण त्यांच्या पिशवीत वर दिसत होता. मग वकिलांनी काडेपेटी घेतली. मास्तरांनी चहा घेतला. त्या संध्याकाळी दुकान असं चाललं की मी मनात खुर्चीला निरोप दिला. म्हटलं, लाज वाटली लोकांना. आता सुधारतील.

सकाळी मास्तर आले. पिशवी उघड हातात, घडी घालून, आणि चेहऱ्यावर समाधान.

"शेठ, कालपासून मनावरचं ओझं उतरलं बघा. उगीच आपण एकमेकांपासून लपवत होतो. आता तुम्ही दर मंगळवारी जाताच, तर माझंही तेवढं आणाल का? मला हल्ली चालवत नाही." त्यांनी पिशवी काउंटरवर ठेवली. "वकीलही म्हणत होते, त्यांचंही आणाल का म्हणून."

"आणतो की," हे म्हणाले.

मास्तरांनी किल्ली खिळ्यावर अडकवली आणि गेले. काही घेतलं नाही.

मी स्टुलावर चढले आणि किल्ल्या उतरवायला लागले. ह्यांनी अडवलं नाही. सगळ्या नारिंगी पिशवीत टाकल्या, ज्याच्या त्याला परत द्यायला. फळी रिकामी झाली तेव्हा मी विचारलं, "मुलाला फोन करू?"

त्यांनी होकाराची मान हलवली. मग खिशातून आमच्या घराची किल्ली काढली, तळहातावर धरली आणि रिकाम्या खिळ्यांकडे बघत राहिले.

"जायचं तर आपली किल्ली कुणाकडे ठेवायची?"

मी दारातून गल्ली बघितली. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेक घर आठवून बघितलं.

"चौकात विचारा," मी म्हटलं. "त्यांचं दार आपोआप उघडतं."