काळ्या पट्टीखालचा दिवा

मित्रांनो, मी एका जुन्या गाडीतला पिवळा दिवा आहे. स्टीअरिंगमागच्या काचेआड, वेगाच्या काट्याशेजारी माझी जागा. आकाराने मी शेंगदाण्याएवढा. मी लागलो की कुणालाही आनंद होत नाही, पण मला बनवलंच त्यासाठी आहे. बर्फाळ रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला तर चाकं जाम होतात आणि गाडी स्टीअरिंगचं ऐकेनाशी होते. तसं होऊ नये म्हणून गाडीत एक यंत्रणा असते. ती बंद पडली, एवढंच मी सांगायचं.

बरीच वर्षं मला काम पडलं नाही. किल्ली फिरवली की क्षणभर लागायचं, सगळं ठीक आहे असं कळलं की विझायचं. गाडी अमेरिकेत शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये राहणाऱ्या शशिकांत आणि सुलेखाची. तो नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला. ती पुण्याची, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ततपासणीची यंत्रं सांभाळणारी. त्यांची मुलगी इला याच गाडीत मागच्या सीटवर झोपून मोठी झाली आणि आता रोज ट्रेनने शिकागोला नोकरीला जाऊ लागली. गाडीची किरकोळ दुरुस्ती शशिकांत स्वतः करी. ओळखीची मंडळी त्याचं कौतुक करीत आणि त्याला ते फार आवडे.

एकदा मिलवॉकीहून परतताना सुलेखा गाडी चालवत होती. गाडी आपोआप एकाच वेगाने पळवणारं क्रूझ लावलेलं होतं, पाय मोकळा होता. अचानक क्रूझचा हिरवा दिवा विझला आणि त्याच क्षणी मी लागलो.

"शशी, क्रूझ गेलं. आणि हा पिवळा दिवा लागलाय."

"लागू दे. सेन्सर असेल एखादा. ब्रेक लागतोय ना?"

"लागतोय. पण दोन्ही एकदमच झालं रे."

"क्रूझ वेगळं, ब्रेक वेगळे. योगायोग आहे."

शशिकांतला क्रूझ हवं होतं. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. आधी त्याने स्टीअरिंगवरची बटणं बदलली, मग ब्रेकच्या पेडलखालचा स्विच बदलला. क्रूझ काही लागेना. सुलेखा दर वेळी तेच सांगे, "अरे, लॅबमध्ये दोन यंत्रं एकदम बंद पडली तर आम्ही आधी बघतो, दोघांमध्ये सामायिक काय आहे. गॅरेजला दाखव ना गाडी."

"तुला गाडीतलं काय कळतं? उगीच टेन्शन घेतेस आणि मला देतेस."

एका रविवारी त्याने गाडी धुतली. मग आत बसून काळ्या चिकटपट्टीचा एक तुकडा कापला आणि काचेवर बरोबर माझ्यासमोर चिकटवला. फार सफाईने कापला होता. मुद्दाम शोधल्याशिवाय कुणाला दिसला नसता.

सोमवारी सुलेखाने गाडी सुरू केली. "अरे, गेला की दिवा! केलंस तू?"

"केलं."

"थँक्यू यार. किती दिवस जिवाला घोर होता."

पट्टीमागे मी लागलेलाच होतो, मित्रांनो. तिचा आनंदी आवाज मला ऐकू येत होता आणि माझ्या उजेडाचा एक कणही तिच्यापर्यंत पोचत नव्हता.

जानेवारीत खूप बर्फ पडलं. इलाला स्टेशनवरून आणायला सुलेखा निघाली. सिग्नल लाल झाला, तिने ब्रेक दाबला. चाकं जाम झाली. तिने स्टीअरिंग वळवलं, पण गाडी सरळच घसरत गेली आणि विजेच्या खांबावर आदळली. तिचं डावं मनगट मोडलं, बरगड्यांना मार लागला.

गाडी ओढून एका गॅरेजच्या आवारात आणून टाकली. दुसऱ्या दिवशी शशिकांत एकटाच आला. त्याने नखाने ती पट्टी सोलली, तिची गोळी केली आणि खिशात टाकली. मग तिथेच बसून त्याने फोन लावला.

"सुलेखा, गाडीत काही बिघाड नव्हता गं. दिवा लागलेला असता तर मी तशी चालवू दिली असती का तुला? तू घाबरून ब्रेक जोरात दाबलास."

"हो रे," तिचा आवाज अगदी बारीक येत होता. "माझंच चुकलं असेल. मी आता नाही चालवणार गाडी."

त्याला तेव्हा खरं सांगता आलं असतं. तो म्हणाला, "बरं. आराम कर."

पुढच्या आठवड्यात गाडीतलं सामान न्यायला तिघंही इलाने नव्याने घेतलेल्या गाडीतून आले. इलाने गॅरेजवाल्याला गाडी तपासायला सांगितलं होतं. "आई म्हणते स्टीअरिंग वळवलं तरी गाडी वळली नाही. मला जाणून घ्यायचंय," ती म्हणाली. शशिकांत म्हणाला, "आता कशाला? भंगारात चाललीय." पण गॅरेजवाल्याने आपलं यंत्र जोडलं होतं.

मागच्या डाव्या चाकापाशी एक दातेरी कडं असतं. त्यावरून सेन्सर चाकाचा वेग मोजतो. रस्त्यावरच्या मिठाने ते कडं गंजून तडकलं होतं. एका चाकाचा वेग कळेना म्हणून ब्रेकची ती यंत्रणा बंद पडली, आणि त्याच कारणाने क्रूझनेही काम सोडलं. दोन्ही बिघाडांचं मूळ एकच, आणि ते अपघाताच्या कितीतरी आधीचं, असं तो म्हणाला.

सुलेखा प्लास्टरचा हात सांभाळत चालकाच्या जागी बसली. इलाने किल्ली फिरवली. सगळे दिवे लागले, एकेक करून विझले. मी उरलो. माझ्यासमोरच्या काचेवर चिकट चौकोन होता, त्यावर धूळ बसली होती. इलाने त्यावर बोट ठेवलं आणि मागे वळून बघितलं.

"बाबा, यू कव्हर्ड इट?"

शशिकांत हळूच म्हणाला, "तुझी आई उगीच घाबरत होती गं..."

सुलेखा माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, ती रडेल. ती म्हणाली, "म्हणजे मी गाडी नीट चालवत होते."

"सुलेखा, अगं ऐक तरी..."

ती उतरली. त्याच्या शेजारून चालत जाऊन इलाच्या गाडीत पुढे बसली. इलाने गाडी काढली. शशिकांत बर्फात उभा राहिला. त्याला घ्यायला ती गाडी परत आली नाही. अंधार पडू लागला तेव्हा तोही चालत निघून गेला.

परवा माझ्या गाडीचे भाग सुटे करायला माणसं येणार आहेत. मला कुणी नेणार नाही, माझ्यासारखे दिवे कुणाला लागत नाहीत. म्हणून जाण्याआधी तुम्हांला एवढंच सांगतो. आम्ही लागलो तर आम्हांला झाकू नका, का लागलो ते शोधा. आणि घरात कुणी म्हणालं, "अरे, काहीतरी बिघडलंय," तर त्या माणसाला गप्प करू नका, मित्रांनो. आम्हां दिव्यांवरची पट्टी निदान नखाने निघते.