विंचरायचं नाही

हर्षला ठोंबरेचे केस कमरेखाली जाणारे, लाटालाटांचे. असे केस रोज विंचरावे लागतात. नाहीतर ते एकमेकांत शिरतात, आणि ओढून सोडवायला गेलं की तुटतात. कुंभिवलीच्या ठोंबऱ्यांच्या घरात केस विंचरायला बंदी नव्हती. फक्त काही नियम होते.

उजाडायच्या आधी विंचरायचं नाही, लक्ष्मी झोपलेली असते. दिवा लागल्यावर विंचरायचं नाही, लक्ष्मी येत असते. मंगळवारी, शनिवारी, अमावस्येला नाही. नवरा जेवत असताना नाही, नवरा घराबाहेर पडत असताना नाही. पाळीच्या दिवसांत फणीला हात लावायचा नाही. स्वयंपाकघरात नाही, देवासमोर नाही, उंबऱ्यावर तर नाहीच नाही. हर्षला हायवेवरच्या एका कंपनीत बिस्किटांचे पुडे खोक्यांत भरायची. अंधारात निघायची आणि दिवा लागल्यावर यायची. रविवारी घरी असायची, पण रविवारी पाहुणे यायचे आणि पाहुण्यांसमोर केस सोडायचे नाहीत.

सगळे नियम पाळायचे तर केस विंचरायला उरत होत्या आठवड्यातल्या चार दुपारी, त्याही कंपनीत. आणि कंपनीत विंचरायला बंदी होती. ती मात्र लेखी होती.

"आई, मग विंचरायचं कधी?" हर्षलानं एकदा सासूला विचारलं.

आनंदीबाईंनी खरोखर विचार केला. मग म्हणाल्या, "आमी कुठं रोज विंचरत बसलो गं?" त्यांच्या डोक्यावर सुपारीएवढा अंबाडा होता. त्यांचं कधी अडलं नव्हतं.

हर्षला कालच्या अंबाड्यावरच आजचा अंबाडा बांधून कामाला जाऊ लागली. पावसाळ्यात तिला टायफॉइड झाला आणि ती अंथरुणाला खिळली. उठली तेव्हा मानेजवळ लिंबाएवढी घट्ट गाठ झाली होती. तिनं नवऱ्याला, नवनाथला, सांगितलं, "अहो, मोठ्या दातांची फणी आणा आणि तेलाची बाटली. बसते आज सोडवत."

नवनाथ चपला घालत होता. तेवढ्यात आनंदीबाईंची नजर गाठीवर पडली.

"थांब रं! कुठं जाऊ नको. देवी आली हाय."

नवनाथनं दाराकडे पाहिलं.

"दारात नाय रं. तिच्या डोक्यात."

त्या दिवसापासून गुंत्याला जट म्हणायचं ठरलं. जटेला पाणी नाही, फणी नाही, कात्री तर नावालाही नाही. दर मंगळवारी गावातल्या बाया नारळ घेऊन येऊ लागल्या. त्या हर्षलाला पाठमोरी बसवायच्या आणि जटेला हळदकुंकू लावायच्या. कपाळाला लावायचं कुणाच्या लक्षात राहत नसे. ते दुसऱ्या बाजूला होतं. खोपोलीच्या एका लग्नाचं आमंत्रण आलं, त्यावर पेनानं लिहिलं होतं, "सौ. हर्षलावहिनी, जटेसह." शेअर जीपमध्ये ठोंबऱ्यांना पुढची सीट मिळू लागली. पुढे नवनाथ बसायचा. देवी मागे, दोन टोपल्या आणि एका कोंबडीच्या मध्ये.

कंपनीत डोक्यावर टोपी घालावी लागते. जट टोपीत मावेना. सुपरवायझरनं आधी जटेच्या पाया पडून घेतलं, मग हर्षलाला कामावरून काढलं.

सुरुवातीला दुखायचं. उताणं झोपता यायचं नाही, मान एका बाजूला ओढली जायची, आत खाज सुटायची आणि बोट पोचायचं नाही. पुढे कमी दुखू लागलं. त्याच्यापुढे दुखतंय की नाही हे बघायचंच तिनं सोडलं. कोणी पाया पडलं की ती हात वर करायची, पंख्याचं बटण दाबावं तसा.

नोकरी गेल्याचा एकच फायदा झाला. दिवसा घरी असल्यामुळे तिला तिच्या लेकीचे, सानवीचे, केस रोज सकाळी, मंगळवारी-शनिवारी सासूच्या नकळत, विंचरता येऊ लागले. सानवी दुसरीत होती आणि केस सगळे आईचे होते. त्या घरात रोज हात लागणारं तेवढं एकच डोकं होतं.

मग खोपोलीचं ते लग्न आलं. जटेला दोन दिवस राहायचा आग्रह झाला. हर्षलालाही राहावं लागलं. परत येते तो सानवी ओसरीवर बसलेली आणि आनंदीबाई तिच्या डोक्याला हळद लावत होत्या. पोर शाळेमागच्या गवतात लोळून आली होती, दोन दिवस कुणी विंचरलं नव्हतं. कानामागे गाठ बसली होती.

"दुसरी!" आनंदीबाईंचा आवाज आनंदानं कापत होता. "एका घरात दोन-दोन! कशेळ्याच्या द्वारकाआजीला सांगावा धाडलाय. शुक्रवारी येऊन बघल आणि पोरीला देवीची करंल."

द्वारकाआजीच्या डोक्यात गुडघ्यापर्यंतची जट होती. कुणाच्या डोक्यात देवी आहे आणि कुणाच्या नाही, हे सगळीकडे तीच सांगायची. तिनं एकदा हो म्हटलं की सानवीच्या केसांना जन्मभर पाणी आणि फणी लागणार नव्हती. पुढे लग्नही नाही, कारण देवीची पोर माणसाला देत नाहीत. आनंदीबाईंनी घरातल्या सगळ्या फण्या गोळा करून ट्रंकेत घातल्या आणि किल्ली कमरेला खोचली. सानवीची शाळा बंद झाली.

हर्षला नवनाथकडे गेली. तो गोठ्यात होता.

"पोरीला ह्यात घालू नका."

"मी कुठं घालतोय? देवीच आली."

"गुंता हाय तो. जेवण व्हायच्या आत सोडवून दाखवते."

"मग तुझाबी गुंताच होता का?"

"हो."

नवनाथ घाबरला. "हळू बोल गं. ऐकंल ती."

"कोण?"

त्यानं नुसतं तिच्या मानेकडे बोट दाखवलं.

सानवी शाळेत का येत नाही हे बघायला तिच्या वर्गाच्या सुप्रिया बाई आल्या. त्यांनी चहा घेतला आणि जट म्हणजे अंधश्रद्धा कशी, हे आनंदीबाईंना उदाहरणांसकट समजावलं. आनंदीबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाई, आता आल्याच हाव तर दर्शन घिऊन जा." बायांची रांग लागली होती. सुप्रिया बाई रांगेत ढकलल्या गेल्या आणि नंबर आल्यावर वाकल्यासुद्धा. वाकता वाकता हर्षलाच्या कानात म्हणाल्या, "कर्जतला एक नर्सबाई आहेत, त्या जट काढून देतात. सॉरी हं." आणि कपाळाचं कुंकू पुसत निघून गेल्या.

शुक्रवारी द्वारकाआजी आली. जट कापडात गुंडाळून, तान्हं मूल धरावं तशी पुढे धरून ती जीपमधून उतरली. हर्षलानं तिला पाय धुवायला मागच्या पडवीत नेलं. तिथे दोघीच होत्या.

"आजी, तुमी झोपता कशा?"

"बसून."

"दुखत नाय?"

"आता नाय. आधी लय दुखायचं. मग डोकं निजलं." म्हातारी पायावर पाणी ओतून घेत होती. "माझी आई गेली ना गं, तिच्यानंतर माझ्या डोक्यावरनं कुणी हात फिरवला नाय. जटेवरनं फिरवतात."

हर्षलानं तांब्या खाली ठेवला. आपल्या जटेच्या मुळाशी नख रुतवून पाहिलं. काही कळलं नाही. आणखी जोरात रुतवलं. नखाला रक्त लागलं, तेव्हा तिला समजलं की नख बरोबर जागी होतं.

"आजी, माझ्या सानवीला नाय म्हना."

द्वारकाआजीनं पदरानं पाय पुसले. "नाय म्हनलं तर माझ्या डोक्यात काय हाय ते सांगावं लागंल गं," ती म्हणाली. "ह्या वयात कुठं सांगू?"

ओसरी बायांनी भरली होती. सानवीला पाटावर बसवलं. समोर ताटात हळद, कुंकू, नारळ आणि दिव्यासाठी वाटीभर खोबरेल. द्वारकाआजीनं पोरीच्या कानामागे हात नेला, गाठ चाचपली. तिचे डोळे मिटलेले होते. सगळ्यांना वाटलं, अंगात येतंय.

"हाय," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली. "देवी हाय."

आनंदीबाईंनी नारळ उचलला. सानवीनं मान वळवून विचारलं, "आई, मग मी पन तुझ्यासारखं बसून ऱ्हायचं?"

हर्षला उठली. ताटातली तेलाची वाटी उचलली, सानवीला पाटावरून ओढून आपल्या मांड्यांमध्ये बसवलं आणि सगळं तेल गाठीवर ओतलं.

"अगं! अगं, काय करतीस? आडवा तिला!" आनंदीबाई ओरडल्या.

चार बाया पुढे झाल्या आणि थांबल्या. अडवायचं म्हणजे हर्षलाला धरायचं. आणि देवीला हात कोण लावणार? नियम आनंदीबाईंनीच घालून दिला होता. त्यांनी नवनाथकडे पाहिलं. नवनाथ दोन पावलं पुढे आला, बायकोची पाठ समोर आली, समोर जट आली, आणि सवयीनं त्याचे हात जोडले गेले.

"हात काय जोडतोस रं मुडद्या, धर तिला!"

"कुठं धरू?" नवनाथ म्हणाला. त्याला खरंच कळत नव्हतं.

हर्षलाचं तिकडे लक्ष नव्हतं. फण्या ट्रंकेत होत्या, म्हणून ती बोटांनीच सोडवत होती. गाठीच्या वरचे केस तिनं मुठीत घट्ट धरले, म्हणजे ओढ मुळाला बसत नाही. मग खालून, टोकाकडून, एकेक बट तेलात भिजवून अलगद बाजूला काढत गेली. मुळाकडून सुरुवात केली की गाठ आवळते आणि केस तुटतात. टोकाकडून गेलं की वाट सापडते. सगळी ओसरी बघत राहिली. नारळ हातातच राहिला. एक म्हातारी खाली बसली, मग सगळ्याच बसल्या, कारण वेळ लागत होता.

शेवटी गाठ सुटली. आतून गवताचं एक काटेरी बी निघालं. हर्षलानं ते ताटात टाकलं. मागच्या रांगेतल्या एका बाईनं हळूच हात लांब करून बियाला कुंकू लावलं. न लावावं तर पंचाईत.

द्वारकाआजी आपलं गाठोडं सावरत उठली आणि कुणाशी न बोलता जीपकडे गेली. नारळ फोडायचा राहिला.

"आज सोडवलंस," बाया गेल्यावर आनंदीबाई म्हणाल्या. "रोज कोन सोडवंल? ह्या घरात ऱ्हायचंय तुला."

त्या दिवशी दिवा लागल्यावर हर्षला सानवीला घेऊन उंबऱ्यावर बसली आणि बोटांनीच विंचरू लागली.

"दिवा लागलाय गं! उंबऱ्यावर बसलीस?"

"देवी सांगती," हर्षला म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

आनंदीबाई आत निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी हर्षलानं ट्रंकेची किल्ली मागितली. त्यांनी ती काढून दिली. सोमवारी सानवी शाळेत गेली. ठोंबऱ्यांच्या घरात लग्न होऊन आल्यापासून हर्षला इतकं कधी बोलली नव्हती आणि तिचं इतकं कधी कुणी ऐकलं नव्हतं. तेच तोंड, तेच शब्द. फक्त मानेमागे ओंजळभर घाण बांधलेली होती, म्हणून ते शब्द खरे ठरत होते.

कर्जतला जायचं तिनं पुढे ढकललं. जट गेली की ती पुन्हा नुसती सून होणार होती, आणि सुनेची पोर आनंदीबाईंच्या हाती जाणार होती. म्हणून तिनं सानवीला शिकवायला घेतलं. केसांचे दोन भाग कसे करायचे. ओल्या केसांत फणी का घालायची नाही. झोपताना सैल वेणी कशी घालायची. सानवीच्या वेण्या एक पूर्वेला, एक पश्चिमेला जायच्या. हर्षला काही बोलायची नाही. बसून झोपायची आणि वाट बघायची.

एका सकाळी सानवीनं कुणालाही न बोलावता, आजीसमोर बसून, दोन्ही वेण्या घातल्या. आनंदीबाई म्हणाल्या, "मंगळवार हाय गं आज." सानवी म्हणाली, "माझे केस हायत ना आजी," आणि रिबीन बांधत राहिली.

हर्षलानं साडी बदलली आणि पिशवी घेतली.

"कुठं?" नवनाथनं विचारलं.

"कर्जतला. जट काढून येते."

नवनाथ ओसरीच्या कडेला बसला. तो रागावला नाही. त्याला काळजी वाटली, आणि ती मनापासून होती. "अगं, पन मग घरात तुझं ऐकंल कोन?"

"तुमी ऐका."

नवनाथनं मान खाली घातली आणि बराच वेळ विचार केला. हा उपाय त्याला आजवर सुचलाच नव्हता, हे चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. शेवटी त्यानं मान वर केली.

"आईला इचारून सांगतो," तो म्हणाला.

तोपर्यंत हर्षला सानवीचा हात धरून रस्त्यापर्यंत पोचली होती.