फोटोतली दहा डोकी

“तू ये फक्त, गोकुळ. भाषण नाही करा लागत. डोकं घेऊन ये, बस,” इंद्रभान फोनवर म्हणाला.

शेगावात लॉज चालवणाऱ्या गोकुळनं विचारलं, जेवण आहे काय. इंद्रभान हो म्हणाला आणि त्यानं नाश्त्याला मनातल्या मनात बढती देऊन टाकली.

विद्यापीठाच्या लोकप्रशासन विभागाचं हे मोताळ्याजवळचं केंद्र. इंद्रभान इथला कंत्राटी शिपाई, आणि इथलाच पहिल्या तुकडीचा एम.ए. सरकार कसं चालतं हे ज्या वर्गात शिकला, त्याच वर्गाचे पंखे आता आठ वर्षं पुसत होता. फाटकापाशी फळ्यावर ‘आगामी कार्यक्रम’ तोच लिहायचा: करिअर मार्गदर्शन, धोरणचर्चा, महिला दिन. चालू विद्यार्थी चार. म्हणून वर्षाचे कार्यक्रम एका दुपारीच उरकत. बॅनर बदलायचा, पुढच्यांनी मागं बसायचं, फोटो. विद्यापीठाला पाठवायच्या फोटोवर ठिकाण उमटलं की झालं. तारीख कोणी विचारत नसे.

यंदा मात्र विद्यापीठाचं पत्र आलं. माजी विद्यार्थी मेळाव्याला किमान दहा जण हवेत. नोंदवहीत आणि फोटोत, दोन्हीकडं मोजू. नाहीतर केंद्र बंद. म्हणजे इंद्रभानची नोकरीही बंद.

त्यानं एकसष्ट जणांना फोन लावले. एकानं तर आपण वारलो असल्याचं स्वतःच सांगितलं.

मेळाव्याला नऊ आले. विभागप्रमुख सुचिता मॅडम दारात जाऊन रस्ता पाहून आल्या. रस्त्यावर एक म्हैस होती.

“मॅडम, हा इंद्रभान आमच्याच बॅचचा हाय,” गोकुळ तोंडातला घास आवरत म्हणाला. “मोजा ना त्याले. बस बे खुर्चीवर.”

मॅडमनी आठ वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडं नीट पाहिलं. इंद्रभाननं नोंदवहीत दहावी सही केली, जरा रेंगाळत. मग सकाळी स्वतःच पुसलेल्या खुर्चीवर बसला. दोनेक मिनिटं तो माजी विद्यार्थी होता.

मग फोटोची वेळ झाली. मॅडमनी नेहमीसारखा फोन पुढं केला आणि इंद्रभाननं नेहमीसारखा घेतला. जरा जवळ सरका, म्हणाला. तीन फोटो काढले, बॅनर उतरवला, चहा आणला. कोणाच्या काही लक्षात आलं नाही. त्याच्याही.

तीन आठवड्यांनी पत्र आलं: नोंदवहीत दहा, फोटोत विभागप्रमुख सोडून नऊ. मॅडमनी बोट ठेवून दोनदा मोजलं.

“दहावा कोण?”

“मी,” इंद्रभान म्हणाला.

“मग तुम्ही कुठे आहात?”

“फोटो काढून राह्यलो होतो, मॅडम.”

खुलासा पाठवला. उत्तर आलं की, खुलाशासोबत या इसमाचा केंद्राच्या कार्यक्रमातला एखादा जुना फोटो जोडावा. दोघांनी आठ वर्षांचे तीनशे फोटो पाहिले. वक्ते होते, बॅनर होते, एकात म्हैसही होती. इंद्रभान कुठंच नव्हता. सगळे फोटो त्यानंच काढलेले.

केंद्राच्या शेवटच्या दिवशी कुलूप लावल्याचा फोटो पाठवायचा होता. त्याआधी त्यानं फळा पुसला. ‘आगामी कार्यक्रम’ ऑइलपेंटचं होतं, ते काही निघालं नाही.

सकाळचं ऊन पाठीवर घेत त्यानं दाराचा फोटो काढला. मॅडमनी तो मोठा करून पाहिला.

“दारावर तुमची सावली आलीय. दुसरा काढा.”

इंद्रभान बाजूला सरकला. दुसरा फोटो स्वच्छ आला.