दाराआडचं वायफाय

खट्ट.

दुपारच्या निवांत घरात तेवढाच आवाज झाला आणि मागच्या खोलीत, तिच्या समोरच्या पडद्यावर, गिऱ्हाईक बाई तोंड उघडं ठेवून थिजली. त्या बाईंच्या शिलाई मशीनमध्ये दोरा गुंतत होता. बॉबिन कशी बसवायची ते तिने अगदी कॅमेऱ्यासमोर धरून दाखवायला घेतलं होतं. आता बॉबिन हातात होती आणि बाई गायब.

मशीन विकणाऱ्या कंपनीसाठी ती घरून हेच काम करायची. लोक व्हिडिओवर आपलं रुसलेलं मशीन दाखवत आणि ही इथून त्याची समजूत काढायची. काम अजून पक्कं झालं नव्हतं. तिच्या कामावर देखरेख करणाऱ्या ताईंनी सकाळीच सांगितलं होतं, "समजावतेस छान गं तू. पण मध्येच गोठतेस. सोमवारी मी स्वतः तुझ्या कॉलवर बसणार आहे. तेव्हाही तुटला, तर तुझी पाळी दुसरीला द्यावी लागेल."

ती हॉलमध्ये आली. शोकेसमध्ये, काचेच्या आत, सासऱ्यांना निवृत्तीला मिळालेलं घड्याळ आणि पितळी फुलदाणी यांच्या मध्ये वायफायचा डबा बसला होता. अंगावर सासूबाईंनी विणलेली क्रोशाची टोपी. त्याचे दिवे विझले होते आणि सासूबाईंचा हात अजून बटणावर होता.

"आई, बंद केलात?"

"अगं, केवढा तापला होता. टीव्ही कोणी बघत नव्हतं, म्हटलं निवू दे बिचाऱ्याला जरा."

त्या घरात सासूबाई प्रत्येक यंत्राला विश्रांती देत. इस्त्रीला, मिक्सरला, पंख्याला. स्वतः मात्र दुपारी कधी पाठ टेकत नसत. त्यामुळे त्यांच्यावर धड चिडताही येत नसे.

रात्रीच्या जेवणाला नवऱ्याने तोडगा काढला. "तू हॉलमध्येच बस ना. तिथे पूर्ण रेंज असते."

"तिथे बाबांचा टीव्ही असतो. चिऊची आगगाडी असते. आणि मागच्या वेळी बाबांनी मधे डोकावून गिऱ्हाइकाला काय सांगितलं, आठवतंय?"

"भंगारात घाला म्हटलं," सासरे शांतपणे म्हणाले. "मशीनची अवस्थाच तशी होती."

"मला दार हवंय," ती म्हणाली. "लावता येईल असं. आणि त्या दाराच्या आत वायफाय हवंय."

सगळ्यांचे घास हातात राहिले. लग्न झाल्यापासून तिने या घरात काही मागितलंच असेल, तर ते लेकीसाठी, चिऊसाठी.

दुसऱ्या दिवशी मोबाइल हातात धरून ती घरभर फिरली, मागे शेपटासारखी चिऊ. हॉलमध्ये रेंज पूर्ण. फ्रिजच्या आड गेलं की निम्मी. न्हाणीघराच्या भिंतीपलीकडे, तिच्या खोलीत, नावाला. मधल्या बोळात कपाट होतं. त्याच्या माथ्यावरून हॉलही दिसायचा आणि तिच्या खोलीचं दारही. "इथे," ती म्हणाली. "इथे," चिऊने मान डोलावली.

दुकानदाराने मात्र नवऱ्याकडे बघत, पाठीवर पडलेल्या खेकड्यासारखा एक राउटर काउंटरवर ठेवला. "साहेब, आठ अँटेना. पलीकडच्या गल्लीत रेंज मिळेल."

"पलीकडच्या गल्लीत मला काम नाही," ती म्हणाली. "आमचा इंटरनेट कंपनीचा डबा हॉलमध्ये आहे, तो तिथेच राहील. त्याच्यापासून बोळातल्या कपाटापर्यंत तार न्यायची आणि तिथे राउटर ठेवायचा. त्याला पुरेल असा साधा दाखवा. आणि लांब तार."

दुकानदाराने पुन्हा नवऱ्याकडे पाहिलं.

"मला नका विचारू," नवरा म्हणाला. "मी पिशवी धरायला आलोय."

खरी लढाई घरी होती. तार न्यायची तर हॉलच्या भिंतीला भोक पाडायला हवं होतं.

"त्या भिंतीला हात लावायचा नाही," सासरे म्हणाले. "रंग मी स्वतः उभा राहून लावून घेतलाय."

"बाबा, भोक शोकेसच्या मागे येईल. कोणाला दिसणारसुद्धा नाही."

"मला माहीत असेल ना."

"असू दे. मलाही बरंच काही माहीत असतं, जे दिसत नाही." तिने ड्रिलची पिन लावली. "तुमच्या पाया पडते, पण भोक पाडते."

तिने बाह्या सरसावल्या. ड्रिलचा आवाज घरभर घुमला. सासरे जागचे हलले नाहीत, पण भुगा गळायला लागला तसे वाकले आणि हातातलं वर्तमानपत्र त्याच्याखाली धरून उभे राहिले. "तिरकं जातंय," ते पुटपुटले. "जरा डावीकडे घे."

तार बोळात निघाली. तिने राउटर कपाटाच्या माथ्यावर उघड्यावर ठेवला, अँटेना उभ्या केल्या. मोबाइलवरून नवा पासवर्ड घातला. नेटवर्कचं नाव विचारलं तेव्हा तिने क्षणभरही विचार न करता, चिऊ म्हणायची तसं लिहिलं : आईची खोली. मग चिऊकडून मांजराची दोन स्टिकरं मागून घेतली आणि हॉलमधल्या डब्याच्या आणि या राउटरच्या बटणावर एकेक चिकटवलं.

"आई, मांजराला हात लावायचा नाही. टोपीही नको, गुदमरतो तो. तापला तरी तापू दे."

"अगं, पण विश्रांती…"

"द्यायचीच असेल तर मला द्या. दुपारी चिऊला तुमच्याजवळ घेऊन पडा. तिलाही झोप आणि तुम्हालाही."

क्रोशाची टोपी सासूबाईंनी घडी घालून खणात ठेवली.

सोमवारी तिने दार लावलं. पडद्याच्या कोपऱ्यात ताई गप्प बसून होत्या. गिऱ्हाईक म्हणजे एक आजोबा होते, नातीचा झगा शिवायला बसलेले. सुई मोडत होती. तिने सुई फिरवून दाखवली, आजोबांनी फिरवली. चित्र एकदाही अडखळलं नाही. मशीन सुरळीत चाललं तसे आजोबा हसले आणि ताईंनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "उद्यापासून पूर्ण पाळी घेशील?"

"घेईन," ती म्हणाली.

तिने दार उघडलं. चिऊ बोळात, कपाटाला टेकून बसली होती. मांडीवर आगगाडी, पण रूळ मांडलेले नव्हते. आजीजवळून उठून केव्हा आली होती कोण जाणे. गालावर उशीची सुरकुती होती.

"दार का नाही वाजवलंस गं, पिल्लू?"

"आजी म्हणाली, वाजवायचं नाही." चिऊने वर, राउटरच्या लुकलुकत्या दिव्याकडे पाहिलं. "आई, दार लावलं तरी हा तुझ्याजवळ येतो?"

"येतो."

"भिंतीतून?"

"हो, भिंतीतून."

आत पुढच्या कॉलची घंटी वाजायला लागली. तिने एक हात दाराच्या कडीवर ठेवला, दुसरा चिऊच्या केसांवर.

"मग मला कसं येता येईल?" चिऊने विचारलं.